जलरंगातले सोनेरी, रुपेरी आणि मोतिया रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गात सोनेरी रंगाची डबी उघडली की सगळ्यांच्या माना तिकडं वळतात. मग प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुतेक वेळा तेच असतात. रंग चमकत का नाही, हाताला का लागतो, फोटोत तपकिरी का दिसतो, ब्रश खराब होतो का. असे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. माझा कल आधीच सांगते. चमकदार रंग मला मनापासून आवडतात, पण चित्र आधी उजेड-सावलीवर उभं राहावं आणि चमक सगळ्यांत शेवटी यावी, असं माझं ठाम मत आहे. बरीचशी उत्तरं तुम्हाला याच मताकडं नेतील.

या रंगांत खरं सोनं-चांदी असते का?

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रंगांत नसते. असतो तो अभ्रक. अभ्रकाचे पातळ, सपाट पापुद्रे करतात आणि त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात. पापुद्रा सपाट असल्यामुळं त्यावर पडलेला उजेड विखरून जात नाही, ठरावीक दिशेनं परततो. म्हणूनच कागद हलवला की रंग एका क्षणी झळाळतो आणि दुसऱ्या क्षणी विझतो. आयर्न ऑक्साइडमुळं सोनेरी, तांबूस, कांस्य छटा मिळतात.

टायटॅनियमच्या थराची गंमत वेगळी आहे. त्याला स्वतःचा असा रंग नसतो, रंग ठरतो तो थराच्या जाडीवर. साधारण ४० ते ६० नॅनोमीटर जाडी असेल तर रुपेरी पांढरी चमक मिळते. जाडी वाढवत नेली की क्रमानं सोनेरी, लालसर, निळी, हिरवी झाक येते. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्यामागचं कारणही हेच.

डबीच्या मागं रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक असतो. तिथं पीडब्ल्यू २० लिहिलेलं असेल तर तो अभ्रक. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड आणि पीआर १०१ म्हणजे आयर्न ऑक्साइड. काही सोनेरी रंगांत अभ्रकाऐवजी तांबं-जस्ताच्या मिश्रधातूची पूड असते आणि रुपेरीत ॲल्युमिनियमची. त्यांचा धातूपणा जास्त खरा वाटतो, पण त्यांच्या टिकण्याचा प्रश्न आहे. त्याबद्दल पुढं लिहिलं आहे.

मेटॅलिक, इरिडिसंट, इंटरफिअरन्स, ड्युओक्रोम: यांत फरक काय?

मेटॅलिक म्हणजे सोनं, चांदी, तांबं, पितळ असं धातूचं रूप देणारे रंग. ते बऱ्यापैकी झाकतात. इरिडिसंट रंगांत मोत्याची किंवा शिंपल्याच्या आतल्या बाजूची मऊ चमक असते. इंटरफिअरन्स रंग पांढऱ्या कागदावर जवळजवळ दिसतच नाहीत आणि गडद रंगावर एकदम उठून येतात. ड्युओक्रोममध्ये एका कोनातून एक रंग दिसतो आणि दुसऱ्या कोनातून दुसरा.

ग्लिटर, म्हणजे आपली चमकी, या कुटुंबातली नाही. ते प्लॅस्टिकचे कापलेले तुकडे असतात. भेटकार्डावर शोभतात, चित्रात ते नुसते वर बसून राहतात.

सुरुवातीला कोणता संच घ्यावा?

संच घेऊच नका. एक चांगला सोनेरी पॅन, म्हणजे वाळवलेल्या रंगाची छोटी वडी, घ्या, वाटल्यास एक रुपेरी. बारा-चोवीस रंगांच्या संचातले गुलाबी, जांभळे, मोरपंखी रंग दोन दिवस मोहात पाडतात आणि नंतर डबीत पडून राहतात. रुपेरी रंगावर तुमच्याकडचेच पारदर्शक जलरंग चढवले की त्यातल्या बऱ्याच छटा हातानं तयार होतात.

जर्मनीच्या फिनटेक आणि कोलिरोचे पॅन, जपानच्या कुरेताकेचा सहा रंगांचा ‘गान्साई ताम्बी स्टारी कलर्स’ आणि अमेरिकेच्या डॅनियल स्मिथच्या इरिडिसंट, इंटरफिअरन्स व ड्युओक्रोम ट्यूब, हे तीन पर्याय जगभर वापरले जातात. कुरेताकेच्या संचात सोन्याच्याच वेगवेगळ्या जाती आहेत, पिवळं, लालसर, फिकट, पांढरट. दागिने रंगवणाऱ्यांना तो खरोखर उपयोगी पडतो. ड्युओक्रोम आणि इंटरफिअरन्ससाठी मात्र मी डॅनियल स्मिथकडं वळते.

घरात फेविक्रिलचे पर्ल रंग आहेत. तेच वापरले तर?

वापरता येतात, पण ते ॲक्रिलिक आहेत. वाळल्यावर पुन्हा पाण्यानं विरघळत नाहीत, उचलून घेता येत नाहीत, आणि ब्रशमध्ये वाळले तर तो ब्रश गेलाच. त्यांचा थर कागदावर किंचित प्लॅस्टिकसारखा बसतो आणि भोवतालच्या जलरंगापेक्षा वेगळा दिसतो. भेटकार्ड, पाकीट, तोरणाची पट्टी यांना ते छान आहेत. जलरंगातल्या निसर्गचित्रात किंवा व्यक्तिचित्रात मी ते घेणार नाही.

रंग लावला, पण मातकट दिसतोय. चमक कुठं गेली?

दहापैकी नऊ वेळा पाणी जास्त झालेलं असतं. जलरंग पातळ लावायची हाताला सवय असते, तीच इथं आड येते. पापुद्रे विरळ झाले की मधून कागद दिसतो आणि चमक तुटते.

पॅनवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून चार-पाच मिनिटं तसाच ठेवा. मग ब्रशनं गोल फिरवत रंग सायीइतका दाट करा. कागदावर एकदाच, न घासता, पसरवा. पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला की पापुद्रे वाकडेतिकडे उभे राहतात. हात न लावता वाळू दिला तर पाणी उडताना ते आपोआप आडवे बसतात, आणि आडवे बसले तरच झळाळी येते. एक थर वाळल्यावर दुसरा दिला तर फरक लगेच कळतो. तिसऱ्याची गरज क्वचितच पडते.

उरलेली एक शक्यता म्हणजे उजेड. ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर असेल तर कितीही चांगला रंग निस्तेज वाटेल. कागद खिडकीजवळ न्या, थोडा तिरपा धरा आणि मग ठरवा.

कागद कोणता चांगला?

गुळगुळीत, म्हणजे हॉट प्रेस्ड. खरखरीत कागदाच्या उंचवट्यांवर पापुद्रे वेगवेगळ्या कोनांत बसतात, त्यामुळं चमक तुकड्यातुकड्यांनी येते. कधी कधी हेच हवं असतं, उदाहरणार्थ जुन्या, ठोकून केलेल्या तांब्याच्या घंगाळाला. पण नथीतल्या मोत्याला किंवा दागिन्याच्या पत्र्याला कागद सपाटच हवा. ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस्ड, म्हणजे थोडा खरखरीत, कागद हाताशी असेल तर कोरड्या चमच्याच्या पाठीनं तेवढाच भाग हलकेच घोटून घ्या. काम भागतं.

कागद घोटण्याची पद्धत आपल्याकडं जुनी आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा कित्येक शतकांची. मराठी दप्तरांत दौलताबादी, जुन्नरी कागदांचे उल्लेख येतात. बोरू अडखळू नये म्हणून असा कागद खळ लावून दगडानं घोटलेला असे. लघुचित्रांचे कागदही असेच घोटत, आणि त्यावर सोनं सपाट बसे.

सोनं किंवा पितळ दाखवायला सोनेरी रंग लागतोच का?

नाही. माझ्यासाठी या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आठवा. एका हातात दिवा धरून दुसऱ्या हातानं ज्योतीला आडोसा करणारी स्त्री. १९४५-४६ मधलं हे चित्र जलरंगात आहे. ज्योतीचा उजेड बोटांच्या कडांतून लालसर पाझरतो, चेहऱ्यावर चढतो, साडीच्या काठावरून पुसट होत जातो. त्या चित्रात दिवा जळतोय असं वाटतं ते भोवतीच्या अंधारामुळं आणि मधल्या असंख्य छटांमुळं. सावंतवाडीच्या या चित्रकारानं कागदावर जे केलं ते पाहिल्यावर चमक आणि उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पटतं.

पितळी तांब्या समोर ठेवून पाहा. त्यावर सोनेरी रंगाचा एक सलग पट्टा कुठंच नसतो. जवळजवळ काळी जागा असते, तिला लागून पांढरीफटक ठिणगी असते, खाली टेबलावरच्या कापडाचा रंग उतरलेला असतो, गळ्याशी खिडकीची आकृती वाकून आलेली असते. यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना आणि थोडा सेपिया एवढ्यात तांब्या तयार होतो. ठिणगीपुरता कागद कोरा सोडायचा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वस्तुचित्राची तयारी करणाऱ्या मुलांना तर मी सोनेरी रंगाला हातच लावू देत नाही, कारण तो लावला की डोळा धातू पाहायचं सोडून देतो.

मग सोनेरी रंग कशासाठी? जिथं चित्र पाहणारा हलला की चित्रानंही हलावं असं तुम्हाला वाटतं, तिथं. साधा रंग तेवढं करू शकत नाही.

पैठणीचा काठ कसा रंगवावा?

नवरात्र आणि लग्नसराईच्या आसपास हा प्रश्न हमखास येतो. पद्धत सांगते, ती कोणत्याही जरीला चालेल.

आधी साडीच्या घड्या पेन्सिलीनं नीट मांडून घ्या. काठावरची नक्षी अजिबात काढू नका, फक्त काठाच्या दोन रेषा घडीबरोबर कशा वळतात ते पाहा. साडीचा मूळ रंग, समजा वांगी, पातळ वॉशनं, म्हणजे पाणी जास्त असलेल्या सलग थरानं, द्या आणि घड्यांच्या खोबणीत त्याचाच गडद थर द्या. काठाला यलो ऑकरचा फिकट थर द्या. तो वाळल्यावर घडीच्या आतल्या, उजेड न पोचणाऱ्या भागात बर्न्ट अंबरमध्ये साडीचा वांगी थोडा मिसळून लावा. इथपर्यंत चमकदार रंगाचा थेंबही नको. या टप्प्यावर चार पावलं मागं जाऊन पाहिलं तर काठ जरीचा वाटायला हवा. वाटत नसेल तर सावली कमी पडली आहे. ती आधी वाढवा.

आता बारीक ब्रश, दाट सोनेरी रंग. घडीचा जो फुगवटा उजेडाकडं आहे फक्त तिथं, विणीच्या दिशेनं, छोटे-छोटे तुटक फटकारे. काठाच्या सावलीतल्या भागात सोनेरी जाता कामा नये. गेला की घडी सपाट होते आणि साडीवर सोनेरी फीत चिकटवल्यासारखी दिसते. सोनेरी पूर्ण वाळल्यावर नारळीचे त्रिकोण किंवा मुनिया लाल-हिरव्या साध्या रंगानं, एका फटकाऱ्यात बसवा. अभ्रकाच्या थरावर दुसऱ्यांदा ब्रश फिरवला तर खालचा थर सुटून येतो.

आणि पैठणीच्या अंगाबद्दल. धूपछाँव पैठणीत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे, म्हणून हललं की रंग बदलतो. गडद वांगी किंवा निळ्या थरावर हिरव्या किंवा तांबूस झाकेचा इंटरफिअरन्स रंग, अगदी थोडा, घडीच्या माथ्यावर दिला तर ती धूपछाँव हुबेहूब येते. चमकदार रंग आणि विषय यांची इतकी नेमकी जोडी मला दुसरीकडं सापडलेली नाही.

काळ्या कागदावर हे रंग इतके छान का दिसतात?

अभ्रकाचा पापुद्रा उजेडाचा काही भाग परतवतो आणि उरलेला आरपार जाऊ देतो. खाली पांढरा कागद असेल तर आरपार गेलेला उजेडही उलटून वर येतो आणि दोन्ही मिसळून रंग फिका पडतो. काळा कागद तो भाग गिळून टाकतो, मग परतलेली चमक तेवढी उरते. काळा कागद नसेल तर इंडिगो किंवा पेन्स ग्रेचा गडद वॉश वाळवून त्यावर काम करा. तो नुसत्या काळ्यापेक्षा जास्त जिवंत दिसतो.

नेहमीच्या जलरंगांत मिसळले तर चालतात का?

पारदर्शक रंगांत चालतात. थॅलो ब्लू, क्विनाक्रिडोन, सॅप ग्रीन यांत थोडा रुपेरी किंवा मोतिया रंग घाला, बांगडा माशाच्या पाठीवरची निळसर-हिरवी झाक मिळते. यलो ऑकर, कॅडमियमचे रंग, पांढरा गुवाश हे झाकणारे आहेत. ते पापुद्र्यांना वेढून टाकतात आणि हाती चिखल येतो.

मिसळण्यापेक्षा थर देणं मला जास्त आवडतं. रुपेरीवर पातळ लाल दिला की दिवाळीच्या आकाशकंदिलाचा जिलेटिन कागद दिसतो. तोच लाल खाली आणि रुपेरी वर दिला तर लाल दबतो आणि धातू पुढं येतो. एका पट्टीवर दोन्ही करून वहीत चिकटवून ठेवा.

ओल्या कागदावर सोडले तर?

पापुद्रे साध्या रंगकणांपेक्षा मोठे असतात. ओल्यात ते पाण्याच्या ओढीबरोबर वाहतात आणि कडेला किंवा खोलगट जागी गोळा होतात. धुकं, शिंपल्याचा आतला भाग, माशाचं पोट यांना हे उत्तम. कागद सपाट ठेवा आणि हात आवरा.

वाळल्यावर बोटाला सोनं लागतं. काय करू?

पापुद्र्यांच्या मानानं डिंक कमी पडला, असा त्याचा अर्थ. स्वस्त पॅनमध्ये हे फार होतं. पुढच्या वेळी रंग कालवताना गम अरेबिकचा एक थेंब टाका. दोन नकोत, जास्त डिंकानं थर तडकतो आणि चमकही मंदावते. झालेल्या चित्रावर लांबून फिक्सेटिव्हचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या द्रावाचा, हलका फवारा देता येतो, पण त्यानं थोडी झळाळी जातेच. आधी रद्दी तुकड्यावर पाहा. ट्रेसिंग पेपर मध्ये घालून चित्र ठेवणं हा माझा नेहमीचा उपाय.

ब्रश आणि पाणी वेगळं ठेवायला हवं का?

हो, आणि यात आळस नको. अभ्रक पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगतो. तेच पाणी दुसऱ्या चित्राला गेलं की पावसाळी आकाशात सोनेरी कण चमकू लागतात आणि ते काढता येत नाहीत. चमकदार रंगांसाठी एक सिंथेटिक ब्रश, एक वेगळा पेला आणि एक जुनी चिनी मातीची बशी राखून ठेवा. केसाळ सेबल ब्रश यात घालू नका, पापुद्रे केसांच्या मुळाशी अडकतात.

वापरलेलं पाणी रात्रभर तसंच राहू द्या. अभ्रक तळाशी बसतो. वरचं पाणी ओतून द्या आणि तळाचा गाळ कागदानं पुसून केरात टाका.

बोरूनं किंवा कट निबनं अक्षरं लिहिता येतील?

सुंदर येतात. निब रंगात बुडवू नका. रंग दाट कालवून ब्रशनं निबच्या पाठीवर चढवा आणि दर दोन-तीन अक्षरांनी पुन्हा भरा. पापुद्रे खाली बसतात म्हणून बशीतला रंग अधूनमधून ढवळायला विसरू नका. देवनागरीच्या जाड उभ्या दांड्यात चमक भरभरून दिसते, वेलांटीच्या बारीक शेपटात तेवढी नाही. फाउंटन पेनमध्ये हा रंग कधीही भरू नये, जीभ आणि वाहिनी कायमची तुंबते.

काही वर्षांनी काळे पडतात का?

अभ्रक, टायटॅनियम आणि आयर्न ऑक्साइड यांपासून झालेले रंग उन्हाला आणि हवेला चांगले टिकतात. धोका दोन ठिकाणी आहे. तांबं-जस्ताची पूड असलेला सोनेरी रंग दमट हवेत तपकिरी किंवा हिरवट होतो, समुद्राजवळ अधिकच. आणि गुलाबी, जांभळ्या चमकदार रंगांत कधी कधी नुसतं डाय असतं, ते उडतं. खात्री हवी असेल तर रंगाची एक पट्टी करा, अर्धी जाड पुठ्ठ्यानं झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत दोन महिने ठेवा. विकायच्या चित्रासाठी एवढं करावंच.

घरी बनवता येतात का?

येतात, आणि करून पाहण्यासारखं काम आहे. रेझिन आर्टच्या सामानात मिळणारी मायका पावडर, म्हणजे अभ्रकाची पूड, घ्या. एक भाग डिंकाची पूड दोन भाग गरम पाण्यात भिजत घाला, रात्रभरानं गाळून घ्या. त्यात थोडा मध घाला म्हणजे रंग तडकत नाही आणि पाण्यानं लवकर उठतो. लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब बुरशी रोखतो. गम अरेबिक उत्तम, पण स्वच्छ बाभळीचा डिंकही बऱ्यापैकी जमतो.

हे डिंकपाणी आणि मायका साधारण सारख्या प्रमाणात पॅलेट नाइफनं कालवा. इथं एक सावधगिरी. साधे रंग करताना काचेवर मुलरनं, म्हणजे सपाट बुडाच्या काचेच्या बत्त्यानं, तासन्‌तास घोटतात, अभ्रकाला तसं घोटू नका. पापुद्रे मोडले की चमक संपते. फक्त गुठळ्या जाईपर्यंत कालवायचं. पॅन दोन-तीन टप्प्यांत भरा, प्रत्येक थर वाळू द्या. कोरडी पूड हाताळताना पंखा बंद आणि तोंडाला मास्क, ही धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

जुने चित्रकार खरं सोनं कसं वापरत?

सोन्याचा वर्ख दाट डिंकात किंवा मधात बोटानं रगडत. तास न्‌ तास रगडल्यावर त्याची पूड होई. मग पाणी घालून ढवळायचं, सोनं जड असल्यानं तळाशी बसतं, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा धुवायचं. शेवटी उरलेल्या सोन्यात थोडंसं डिंकपाणी घालून ब्रशनं लावायचं. लावल्याबरोबर ते मंद, पिवळट मातीसारखं दिसतं. वाळल्यावर अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटलं की धातू जागा होतो. युरोपात हे सोनं शिंपल्यात ठेवून विकत, म्हणून तिकडं त्याला शेल गोल्ड म्हणतात.

अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा इथल्या दख्खनी लघुचित्रांत सोनं सढळ हातानं येतं. जामे, दागिने, कधी सगळी पार्श्वभूमीसुद्धा. निजामशाहीतली ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ ही सोळाव्या शतकातली सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे. अशी मूळ पानं कुठंही पाहायला मिळाली तर थोडं खाली वाकून, कडेनं पाहा. खरं सोनं समोरून जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पट तिरक्या नजरेनं दिसतं. मायकाची चमक मोकळी आणि दाणेदार असते, सोन्याची सलग आणि उबदार. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की मायका कुठं वापरावा याचंही भान येतं.

मिठाईवरचा चांदीचा वर्ख वापरू नका. चांदी हवेतल्या गंधकामुळं काळवंडते.

स्कॅन केल्यावर सोनेरी रंग तपकिरी का येतो?

स्कॅनरचा दिवा तिरपा असतो आणि सेन्सर सरळ वर पाहतो. सपाट पापुद्र्यांवरून परतलेला उजेड त्या सेन्सरपर्यंत पोचतच नाही. म्हणून फोटो काढा. एका बाजूला खिडकी, बाकीचे दिवे बंद, फ्लॅश बंद. मोबाइल सरळ धरून चित्राची खिडकीपासून लांबची कड हळूहळू उचलत जा, चमक पकडली की थांबा. एक फोटो चमकेचा आणि एक बिनचमकेचा असे दोन ठेवावेत, कारण चमकेच्या फोटोत बाकीचे रंग थोडे उडतात. कडेनं फिरवत घेतलेला पाच सेकंदांचा व्हिडिओ सगळ्यांत प्रामाणिक.

लग्नपत्रिकेसाठी काढलं आहे. छापल्यावर सोनेरी येईल?

चार रंगांच्या छपाईत येणार नाही, मोहरी-तपकिरी येईल. सोनेरी भाग वेगळ्या कागदावर काळ्या शाईनं काढून द्या आणि प्रेसला फॉइलिंग, म्हणजे सोनेरी चकचकीत पापुद्रा दाबून बसवणं, करायला सांगा. चित्र काढायच्या आधीच प्रेसशी बोललेलं बरं, कारण फार बारीक रेषा फॉइलला झेपत नाहीत.

अभ्रक कुठून येतो? मुलांच्या मजुरीबद्दल ऐकलं आहे.

ऐकलं आहे ते खरं आहे. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह भागात आणि शेजारच्या बिहारमध्ये बंद पडलेल्या खाणींतून अभ्रक वेचणाऱ्यांत लहान मुलं असल्याचं पुन्हा पुन्हा समोर आलं आहे. २०१७ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ नावाचा उद्योग आणि संस्थांचा गट याच कारणानं उभा राहिला. हा अभ्रक सौंदर्यप्रसाधनांत आणि गाड्यांच्या रंगांत खूप मोठ्या प्रमाणात जातो, चित्रकारांचा वाटा छोटा आहे. तरी विक्रेत्याला विचारावं. प्रयोगशाळेत बनवलेला अभ्रक, फ्लोरफ्लोगोपाइट, वापरणारे रंगही मिळतात. तो जास्त स्वच्छ आणि पांढरा असल्यामुळं चमकही ठसठशीत येते. पर्याय असेल तेव्हा मी तोच घेते.

फ्रेम कशी करावी?

काच चित्राला टेकू देऊ नका, मधे जाड पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, हवाच. दमट हवेत डिंक काचेला चिकटतो आणि काच उचलली की सोनं तिच्याबरोबर येतं. चित्र खिडकीच्या समोर नव्हे, खिडकीला काटकोनात असलेल्या भिंतीवर लावा. येता-जाता चमक दिसेल आणि थेट ऊनही टळेल.

पावसाळ्यात पॅनवर बुरशी येते, चिकटही होतात. उपाय?

कोकणात आणि मुंबईत हे दर वर्षीचं. काम संपल्यावर डबी लगेच मिटू नका, पॅन पूर्ण वाळेपर्यंत पंख्याखाली उघडी ठेवा. डबीत सिलिका जेलची पुडी टाका आणि पुडी ओलसर झाली की बदला. बुरशीचा पांढरा ठिपका दिसलाच तर वरचा थर ओल्या कापसानं पुसून काढा, पॅनवर लवंगेच्या तेलाचा अगदी बारीक थेंब पसरवा आणि पॅन दोन दिवस हवेशीर जागी ठेवा. मध घातलेले घरचे पॅन जास्त चिकटतात. ते जून ते सप्टेंबर बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेले बरे.